बेटांचा हिशेब

वाशीहून सुटलेली लोकल खाडीपुलावर आली की डब्यातली बहुतेक माणसे मान खाली घालून बसलेली असतात. मी मात्र अजून खिडकीबाहेर बघतो. पस्तीस वर्षे बँकेत आकड्यांच्या रांगा तपासल्यावर निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते. पुलाच्या अलीकडे वाशी, म्हणजे मुख्य भूमी. पलीकडे मानखुर्द, म्हणजे एकेकाळच्या बेटांचा मुलूख. पण दोन्ही काठांवर तीच तिवरे, तोच चिखल, तेच बगळे. डोळे बांधून एखाद्याला या काठावरून त्या काठावर नेऊन सोडले, तर झाडांकडे बघून बेट कुठले आणि भूमी कुठली हे त्याला सांगता यायचे नाही.

शाळेत तर आपण शिकलो होतो, की बेटावरची झाडे-झुडपे जगावेगळी असतात. मग मुंबईची का नाहीत? उत्तर सोपे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती आणि मुंबईची बेटे म्हणजे कोकणातल्या साध्या टेकड्या होत्या. पुढे पाणी चढले आणि टेकड्यांची बेटे झाली. मधली खाडी इतकी अरुंद, की तिवराचे अर्धवट रुजलेले बी एका भरतीत इकडून तिकडे जाते. रोजचे येणे-जाणे असलेली माणसे वेगळी भाषा बोलू लागत नाहीत, तसेच हे.

वेगळेपण यायला दुरावा लागतो, खराखुरा आणि दीर्घकाळचा. अशा दुराव्याच्या बेटांचा हिशेब ज्याने पहिल्यांदा नीट मांडला, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचे नाव जोसेफ डाल्टन हूकर. चार्ल्स डार्विनचा जिवलग मित्र म्हणून तो ओळखला जातो. पण मित्राच्या सावलीत उभा राहूनही स्वतःची उंची राखणारी माणसे असतात, त्यांतला तो एक होता.

हूकरचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हेल्सवर्थ या गावी झाला. वडील विल्यम जॅक्सन हूकर हे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. ते ग्लासगोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि जोसेफचे बालपण तिथेच गेले. घरात सुकवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे आणि देशोदेशींची पत्रे यांचा राबता. आजोबांच्या मांडीवर बसून हे पोर कॅप्टन कुकच्या सफरींचे पुस्तक बघत असे. त्यात कर्गेलन नावाच्या बेटावरचे एक चित्र होते. उजाड किनारा, मागे कमान असलेला खडक आणि पेंग्विन मारणारे खलाशी. आपणही तिथे जावे, असे त्या मुलाला वाटे. लहानपणी असे आपल्यालाही वाटते आणि मग आपण नोकरीला लागतो. हूकरही नोकरीलाच लागला, पण ती नोकरी त्याला थेट त्या चित्रात घेऊन गेली.

१८३९ साली ग्लासगोहून वैद्यकाची पदवी घेऊन तो आरमारात साहाय्यक शल्यवैद्य झाला. जेम्स क्लार्क रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे दक्षिण ध्रुवाकडे निघाली होती. हूकर ‘एरेबस’वर चढला तेव्हा बावीस वर्षांचा होता. डार्विनच्या ‘बीगल’ सफरीच्या वृत्तांताचे छापखान्यातले कच्चे कागद त्याला निघण्याआधीच वाचायला मिळाले होते. सकाळी उठल्याबरोबर वाचता यावेत म्हणून तो ते उशाखाली घेऊन झोपत असे.

चार वर्षे ही सफर चालली. मदेरा, केप व्हर्द, सेंट हेलेना, कर्गेलन, ऑकलंड, कॅम्पबेल, फॉकलंड, असे एकामागून एक बेट. १८४० सालच्या मे महिन्यात जहाजे कर्गेलनला लागली आणि लहानपणीच्या चित्रातला कमानीचा खडक हूकरला समोर दिसला. तिथे ऐन हिवाळा होता. कुकच्या माणसांनी या बेटावर जेमतेम अठरा वनस्पती नोंदवल्या होत्या. हूकरने शेवाळी आणि दगडफुले धरून दीडशेच्या आसपास गोळा केल्या. खडकाला गोठून चिकटलेली दगडफुले निघेनात, तेव्हा तो चक्क त्यांच्यावर बसून राही आणि अंगाच्या उबेने बर्फ वितळले की अलगद सोडवून घेई.

याच बेटावर त्याला एक कोबी भेटला. कर्गेलनचा कोबी म्हणून तो प्रसिद्ध आहे. खलाशी तो आवडीने खात, कारण त्याने स्कर्व्ही हा रोग हटत असे. हूकरच्या दृष्टीने त्याची थोरवी वेगळी होती. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातली फुले पाकळ्या मिरवतात आणि किडे-माश्यांना बोलावतात. कर्गेलनच्या या कोबीला पाकळ्यांची हौस जवळपास उरलेली नाही. त्याचा पराग वाऱ्यावर जातो. कारण उघड आहे. त्या अखंड वादळी बेटावर उडणारे किडे टिकतच नाहीत. तिथल्या माश्यांनीसुद्धा पंख टाकून दिले आहेत. गिऱ्हाईकच नाही, तर दुकानाची पाटी रंगवायची कशाला?

सप्टेंबर १८४३ मध्ये हूकर परतला, आणि थोड्याच दिवसांत त्याला डार्विनचे पत्र आले. गॅलापागोस बेटांवर डार्विनने गोळा केलेल्या वनस्पती पडून होत्या. त्या तपासाल का, अशी विचारणा होती. हूकरने होकार दिला आणि दोघांच्या पत्रव्यवहाराला सुरुवात झाली. जानेवारी १८४४ मध्ये डार्विनने त्याला एक गुपित सांगितले. जीवजाती कायमच्या ठरलेल्या नसून त्या बदलत जातात, असे आपले मत होत चालले आहे, हे ते गुपित. त्या काळी हे उघड बोलणे म्हणजे धर्म आणि समाज दोन्ही अंगावर घेणे. डार्विनने जवळजवळ अनोळखी अशा सव्वीस वर्षांच्या तरुणावर हा विश्वास टाकला. हूकरने लगेच मान डोलावली नाही आणि थट्टाही केली नाही. तुमचे म्हणणे ऐकायला मी तयार आहे, एवढाच त्याच्या उत्तराचा आशय होता. मोठी मैत्री कधी कधी अशा साध्या उत्तरावर उभी राहते.

गॅलापागोसच्या गठ्ठ्यांतून हूकरने जे शोधले ते डार्विनलाही चकित करणारे होते. तिथल्या सपुष्प वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. त्याहून गंमत म्हणजे त्यांतल्या कितीतरी एकाच बेटावर होत्या, शेजारच्या बेटावर नव्हत्या. आणि तरीही त्यांचे गोत्र लागत होते ते दक्षिण अमेरिकेच्या भूमीशी. तिथे सूर्यफुलाच्या कुळातली स्कॅलेशिया नावाची वनस्पती चक्क झाड होऊन उभी असते. आपल्याकडे झेंडू, शेवंती, एकदांडी ही त्याच कुळातली मंडळी कमरेच्या वर क्वचितच जातात.

आता प्रश्न असा, की समुद्राने वेढलेल्या या बेटांवर वनस्पती पोचल्या कशा? यावर दोघा मित्रांचे वर्षानुवर्षे जमले नाही. हूकरचा कल होता की पूर्वी तिथवर जमीन असावी आणि नंतर ती समुद्रात बुडाली असावी. डार्विनला हे मान्य नव्हते. प्रत्येक अडचणीला एक खंड बुडवायचा, हे त्याला सोयीचे गणित वाटे. बिया पाण्यावरून, वाऱ्यावरून, पाखरांच्या पायांना लागलेल्या चिखलातून गेल्या असतील, असे तो म्हणे.

हा वाद अजून चालू असतानाच हूकर भारतात येऊन गेला. जानेवारी १८४८ मध्ये तो कलकत्त्याला उतरला, दार्जिलिंगला गेला आणि पुढची दोन वर्षे सिक्कीमच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडला. १८४९ च्या नोव्हेंबरात त्याला आणि दार्जिलिंगचे अधिकारी कॅम्पबेल यांना सिक्कीमच्या दिवाणाने कैद केले. सुटका व्हायला नाताळ उजाडला आणि त्या निमित्ताने इंग्रजांनी सिक्कीमचा काही मुलूख गिळला. हूकरच्या फुलांच्या पेट्या साम्राज्याच्या हमालांच्या डोक्यावरूनच गेल्या, हे आपण विसरू नये. पण त्या पेट्यांतून गेलेल्या ऱ्होडोडेंड्रॉननी इंग्लंडच्या बागांचे रूप पालटले, हेही खरे.

१८५१ साली तो मायदेशी परतला आणि डार्विनचे गुरू हेन्स्लो यांच्या मुलीशी, फ्रान्सिसशी, त्याचे लग्न झाले. इकडे डार्विनने वाद मिटवायचा एक घरगुती उपाय काढला. १८५५ साली त्याने मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांत बिया भिजत घातल्या. हूकरची खात्री होती, की त्या आठवडाभरात कुजणार. डार्विनच्या घरातली चिल्लीपिल्लीसुद्धा आपले वडील डॉक्टर हूकरना हरवतात का, याकडे डोळे लावून बसली होती. निकाल असा लागला, की ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवले! मग डार्विनने तळ्याकाठचा पेलाभर चिखल आणून ठेवला, तर त्यातून ५३७ रोपे निघाली. पाखराच्या एका पायाला किती जंगल चिकटत असेल, याचा विचार करावा.

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध वाचले गेले. ते घडवून आणणाऱ्या दोघांपैकी हूकर एक होता. डार्विन त्या दिवशी हजर नव्हता. त्याचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी गेले होते. निबंधाची नक्कल फ्रान्सिस हूकरने करून दिली होती. पुढे पाचच वर्षांत दुःखाने हूकरचे दार ठोठावले. सप्टेंबर १८६३ मध्ये त्याची सहा वर्षांची मुलगी मिनी गेली. तेव्हा त्याने धाव घेतली ती डार्विनकडेच, पत्रातून. डार्विनची दहा वर्षांची ॲनी १८५१ साली अशीच गेली होती. दोन विद्वान बिया आणि बेटे बाजूला ठेवून दोन बाप म्हणून बोलले.

१८६५ साली वडील वारले आणि हूकर क्यू येथील राजउद्यानाचा संचालक झाला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने बेटांच्या वनस्पतींवर व्याख्यान दिले. मला या आयुष्यातला हा सर्वांत मोठा दिवस वाटतो. हूकर तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा, नावारूपाला आलेला. जे मत त्याने वीस वर्षे उचलून धरले, ते भरसभेत मोकळे करून ठेवायचे होते. त्याने दोन्ही बाजू मांडल्या, दोन्हींच्या अडचणी सांगितल्या आणि तराजू मित्राच्या बाजूने झुकू दिला. बँकेत आम्ही चुकीची नोंद खोडत नसू. ती दिसेल अशी ठेवून तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद करत असू. हूकरने नेमके तेच केले.

त्या व्याख्यानात आणि आधीच्या लिखाणात त्याने जे हिशेब मांडले, त्यांवर पुढच्या दीडशे वर्षांत बरीच भर पडली. दूरच्या बेटावर पोचलेल्या वनस्पतीचे काय होते, ते आता बऱ्यापैकी माहीत आहे.

पहिली गोष्ट, रोपटी झाडे होतात. सेंट हेलेनावर सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांची राने होती. कॅनरी बेटांवर इकियम नावाच्या वनस्पती लाकडी खोडाच्या असतात. त्यांचे पूर्वज मुख्य भूमीवरची मऊ खोडाची रोपटी होते, हे १९९६ साली डीएनएच्या तपासणीतून दिसले. असे का व्हावे, यावर अजून चर्चा चालू आहे. डार्विनचे म्हणणे, की जिथे मोठे वृक्ष पोचलेच नाहीत तिथे जो उंच होईल त्याला ऊन मिळेल. वॉलेसला वाटे, की परागाचे वाहक कमी असले तर जास्त वर्षे जगून वाट बघणे बरे. काहींच्या मते समुद्राने सौम्य केलेली हवा आणि चरणाऱ्या जनावरांचा अभाव ही कारणे आहेत.

दुसरी गोष्ट, प्रवासाची साधने गळून पडतात. पावसाळ्यानंतर माळावरून चालून आलो की आपल्या कपड्यांना कुसळे चिकटतात. बियांची ती तिकिटे असतात. हवाई बेटांवर बायडेन्स नावाची वनस्पती आहे. तिच्या मुख्य भूमीवरच्या भावंडांच्या बियांना चिकटणारी कुसळे असतात. बेटावरच्या काही जातींनी ती टाकून दिली. जिथून पुढे फक्त समुद्र, तिथे प्रवासाला निघणारे बी बुडणार आणि घरी थांबणारे रुजणार. दर पिढीत घरकोंबड्यांचीच संख्या वाढत जाते.

तिसरी गोष्ट अधिक काळजीची. शस्त्रे खाली ठेवली जातात. हवाईत पुदिन्याच्या कुळातल्या काही वनस्पतींना तो झणझणीत वास उरलेला नाही आणि तिथल्या रासबेरीचे काटे नावापुरते आहेत. भूमीवर ही सारी बंदोबस्ताची साधने होती. ज्या बेटावर चरणारे जनावरच नाही, तिथे चौकीदाराचा पगार कशाला द्या? हे नियम काही पोलादी नाहीत. प्रत्येक बेटावर, प्रत्येक कुळात असेच घडते असे नाही. पण कल हा असा.

आणि मग एके दिवशी जहाज येते. सेंट हेलेनावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बकऱ्या सोडल्या. परतीच्या वाटेवरच्या खलाशांना मांस मिळावे, एवढाच हेतू. निःशस्त्र झाडांची कोवळी रोपे बकऱ्यांनी खाल्ली, म्हातारी झाडे वठली, माती वाहून गेली. आपल्या आधी किती जाती नाहीशा झाल्या असतील, याची हळहळ हूकरने व्याख्यानात बोलून दाखवली होती. कर्गेलनवर १८७४ साली ससे सोडले गेले आणि ते पोचले तिथून तो कोबी हटत गेला.

पण ही हळहळ करणाऱ्या हूकरच्याच हातून काय घडले, तेही सांगायला हवे. १८४३ साली परतताना ‘एरेबस’ असेन्शन बेटावर थांबले होते. अटलांटिकच्या मधोमध, राख आणि खडकांचे, जवळजवळ बोडके बेट. आरमाराच्या ठाण्याला पाण्याची ददात होती. हूकरने सल्ला दिला, की डोंगरावर झाडे लावा, धुके अडेल, माती धरेल. त्यानुसार पुढे क्यू आणि इतर बागांमधून रोपांच्या खेपा गेल्या. काही दशकांत डोंगरमाथ्यावर बांबू, निलगिरी, केळी, नॉरफोकचा पाइन अशी देशोदेशींची झाडी उभी राहिली. आजही तिथे हिरवागार ढगांचा माथा आहे आणि माणसाने शून्यातून जंगल केले म्हणून लोक त्याचे कौतुक करतात. पण तिथे शून्य नव्हते. इवली नेचे होती, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. पाहुण्यांच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. एक नाजूक नेचे तर कायमचे गेले असे जाहीरही झाले होते. २००९ साली डोंगराच्या एका कड्यावर त्याची चार-दोन रोपे सापडली. त्यांचे बीजाणू कुठे वाढवले गेले? हूकरच्याच क्यू उद्यानात.

हे वाचले तेव्हा मला माझेच एक पाप आठवले. फार वर्षांपूर्वी माझी बदली सातारा जिल्ह्यात होती. वनमहोत्सवात आम्ही बँकेची माणसे, बायकामुलांसह, एका सड्यावर गेलो आणि उघड्याबोडक्या कातळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून आलो. फोटो काढले, वडे खाल्ले. ओसाड जमीन मार्गी लावल्याचे समाधान वाटले. पुढे कळले, की सह्याद्रीचे सडे ओसाड नसतात. खोल दऱ्यांनी एकमेकांपासून तोडलेले हे कातळमाथे म्हणजे भूमीवरची बेटेच आहेत. वायतुरा नावाची पाणवनस्पती अशाच मोजक्या सड्यांच्या डबक्यांत फुलते. जुन्नरकडच्या डोंगरांत डाल्झेल यांनी शोधलेली शिंदळ माकुडी कड्यांच्या कपारींत राहते. तिच्या जवळच्या नातलगांना पाने नसतात, हिला मात्र पावसाळ्यात हिरवीगार पाने येतात. कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तो याच बेटपणामुळे. आमच्या खड्ड्यांखाली काय गेले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

सह्याद्रीचे हे धन नोंदवण्यातही हूकरचा हात आहे. १८७२ ते १८९७ अशी पंचवीस वर्षे खपून त्याने भारतातल्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात डाल्झेल, गिब्सन, स्टॉक्स, लॉ या मुंबई इलाख्यातल्या संग्राहकांच्या नोंदी सामावल्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ पुढे क्यूमध्ये बसूनच लिहिला. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अजून हे खंड उघडतात.

मधल्या काळात फ्रान्सिस १८७४ साली गेली. दोन वर्षांनी हूकरने दुसरे लग्न केले. १८८२ साली डार्विनच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. मानसन्मान खूप झाले, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही मिळाले. पण नव्वदी ओलांडल्यावरही तो भिंग घेऊन तेरड्याच्या जाती तपासत बसलेला असे. १० डिसेंबर १९११ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेत डार्विनच्या जवळ जागा देऊ केली होती. पत्नीने ती नाकारली आणि क्यूच्या चर्चच्या आवारात वडिलांशेजारी त्याला ठेवले.

आमच्या वाशीत मे महिन्यात रस्ते गुलमोहराने लाल होतात. ते झाड मूळचे मादागास्कर बेटाचे. तिथल्या रानात ते आता विरळ झाले आहे आणि इथे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे आहे. ते तोडा, असे मी म्हणणार नाही. त्याच्या सावलीत माझा रोजचा बाक आहे. पण परवा सोसायटीतली तरुण मंडळी सांगत आली, की या पावसाळ्यात एका ओसाड पठारावर हजार झाडे लावायला जातोय, काका, तुम्हीही चला. मी येतो म्हणालो. फक्त एक अट घातली. आधी एक पावसाळा तिथे नुसते जाऊ, गुडघे टेकून बघू, काय काय उगवते त्याची वही करू. खड्डे पुढच्या वर्षी, लागलेच तर.

मंडळी जरा हिरमुसली. पण दोघींनी वही आणायचे कबूल केले आहे.